आणखी एक चकती

साहेब, कान्हूला तुम्ही मारलंत. रोह्याच्या मैदानावर, मांडवाच्या सावलीत, गळ्यात झेंडूचा हार आणि हातात कोकम सरबताचा ग्लास घेऊन तुम्ही बसला होतात, तेव्हा मारलंत. सगळं मैदान बघत होतं. बँड वाजत होता. आणि दुसऱ्या दिवशी पेपरात काय आलं? नवशिक्या तरुणाचा अतिउत्साहामुळे मृत्यू. बाजूला तुमचा फोटो, चेहरा पाडून. मढं थंड व्हायच्या आत तुम्ही त्याच्या माथी आगाऊपणा मारलात आणि चहा प्यायला गेलात.

आता पहिल्यापासून ऐका. तुम्हाला यातला शेवट तेवढा माहीत आहे आणि तोही तुम्ही उलटा सांगत फिरताय.

नाथा आणि कान्हू मावसभाऊ. कासूला उतरून खाडीच्या अंगानं चालत गेलं की त्यांचं गाव. दोघांचे बापूस मिठागरात खपले, आजे मिठागरात खपले. मग एका उधाणाला बंदिस्ती फुटली, खाडीचं पाणी आत शिरलं ते कायमचं. जिथं मिठाच्या राशी लागायच्या तिथं गुडघाभर चिखल झाला. बंदिस्ती बांधायला कुणी आलं नाही. त्याच्याबद्दल वेगळ्या साहेबाला विचारू, तुम्हाला त्यात ओढत नाही.

चिखल सुकायच्या आत तुमची भोंगा लावलेली जीप गावात आली. रोह्याच्या कंपन्यांना सिक्युरिटी गार्ड हवेत, शिक्षणाची अट नाही, अट फक्त शरीराची, छाती भरलेली पाहिजे. गावची झाडून सगळी पोरं रांगेत उभी राहिली आणि तुमच्या माणसानं टेप लावून एकेकाला बाजूला सारलं. एकाचीही छाती मापात बसेना.

बसणार कशी? मीठ वाहणारा माणूस तुम्ही कधी उघडा बघितला नाहीत. टोपली भरणारे भरतात, दोघं मिळून उचलतात, डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवतात, आणि हा बांधावरून पळत सुटतो. मान खांबासारखी होते, पोटऱ्या दगडाच्या होतात. छातीवर मात्र बरगड्या मोजून घ्याव्यात. ज्याच्यावर भार पडतो तेच वाढतं.

तुमचा माणूस म्हणाला, "होळीनंतर भरती मेळावा आहे. तोवर शरीर करा. रोह्याला आमची तालीम आहे, फुकट आहे, या."

कान्हू रोह्याला गेला. नाथा गेला नाही, कारण तो तेव्हा पेणला एका गणपतीच्या कारखान्यात प्लास्टरची पोती उतरवायला लागला होता आणि रोजची मजुरी सोडणं त्याला परवडत नव्हतं. कारखान्याच्या मागल्या शेडमध्ये दिनानाथची व्यायामशाळा होती. एका भिंतीला हात-पाय नसलेल्या मूर्ती, दुसऱ्या भिंतीला लोखंड.

दिनानाथ म्हणजे शिव्यांचं पोतं. एकेकाळी वजनं उचलायला राज्यापर्यंत गेलेला, मग उजवा खांदा फाटला आणि घरी बसला. तेव्हापासून तो सगळ्यांवर चिडलेला, पोरांवर, बायकोवर, पंख्यावर.

पहिल्या दिवशी नाथा थेट चकत्या भरलेल्या बारापाशी गेला.

"ए खारट! कुठं चालला?"

"उचलाला."

"आधी कधी उचललंयस?"

"मीठ व्हायलाय ना ल्हानपनापास्नं. मनभर वजनाची टोपली घेऊन बांधावरून पलतंय मी."

"टोपली डोक्यावर कोणी ठेवली?"

"भरनाऱ्यांनी."

"म्हणजे तू उचलली नाहीस. तुझ्यावर ठेवली. गाढवावर ठेवतात तशी." शेडमधली पोरं हसली. दिनानाथनं त्यांच्याकडं बघून डोळे वटारले. "तुम्ही कशाला दात काढताय? तुम्ही पण गाढवंच होता. नवखा आहेस तू. रिकामा बार घे."

नाथानं रिकामा बार खांद्यावर घेतला. बैठक मारायची, उठायचं, एवढंच. पण दिनानाथनं त्याला बैठक मारूच दिली नाही. "आधी टाकायला शिक. समज, तुझा पाय सरकला. काय करशील?"

नाथानं काही विचार केला नाही. हनुवटी छातीला लावली आणि मान पुढं फेकली.

खाडकन कानाखाली बसली. नाथाच्या डोळ्यांपुढं अंधारी आली.

"मेलास! आत्ता मेलास तू! काय केलंस हे?"

"बांधावर पाय सरकला तर... टोपली म्होरं टाकायची, आपन मागं ऱ्हायाचा. बापसानं शिकवलाय."

"टोपली डोक्यावर असते, बार खांद्यावर. मान पुढं घातलीस तर बार मानेवर चढतो आणि मानेचा दांडका मोडतो. बार मागं सोडायचा, आपण पुढं निसटायचं. परत कर."

परत मान पुढं गेली. परत कानाखाली. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय अंगात होती, ती काय सांगून जाणार? नाथाचं थोबाड सुजलं, ओठ फुटला, तेव्हा कुठं मान जागच्या जागी राहायला लागली आणि बार धाडकन पाठीमागं पडायला लागला. "आता लाग बैठकीला," दिनानाथ म्हणाला आणि आपल्या दुखऱ्या हातावर फुंकर घातली.

पुढं वजन आलं, पण हलकं. इतकं हलकं की नाथाला लाज वाटायची. बाकावर उताणा पडून तो बार वर ढकलायचा, खाली घ्यायचा, परत वर. सुरुवातीला पोरखेळ वाटायचा. मग दंडात निखारे पेटायचे. मग छातीत कोणी सुरी फिरवल्यासारखं व्हायचं. दिनानाथ डोक्याशी उभा राहून ओरडायचा, "अजून एक! थांबलास तर बघ! अजून!" हात थरथरायचे, बार वाकडा व्हायचा, आणि आता एकही निघणार नाही असं झालं की मगच दिनानाथ तो धरायचा. नाथा बाकावरून उतरून भिंतीपाशी जाऊन ओकायचा. अर्ध्या मूर्तींच्या पुढ्यात.

"रोह्याला कान्हू माज्या दुप्पट उचलतो," नाथा एकदा तोंड पुसत म्हणाला. "मना ही पोरींची वजनां."

"दुप्पट उचलू दे. एकदाच काय ते जास्तीत जास्त उचलायचं म्हटलं तर तो तुझ्या पुढंच असणार, जड उचलून जड उचलायची सवय होते. पण तुला काय करायचंय? छाती करायचीय ना? नवख्याच्या मांसाला आकडा वाचता येत नाही, भडव्या. हलकं असो जड असो, आता होत नाही म्हणेपर्यंत ढकललंस की ते वाढतं. फरक एवढाच की हलक्यात चुकलास तर उद्या परत येशील."

हे साधं सत्य आहे, साहेब. कुणीही नवखा माणूस करून बघू शकतो. तुमच्या हैबतरावाला ते माहीत नव्हतं असं समजू नका. त्याला त्याची गरज नव्हती, एवढंच. हैबतराव तुमच्या तालमीचा उस्ताद. त्याच्या हातात कायम रबरी पाईप, आत वाळू भरलेला. रोह्याच्या तालमीत एकच नियम होता, बार खाली टाकायचा नाही. जीव गेला तरी धरून ठेवायचा. टाकला की पाईप. तुम्हाला गार्ड हवे होते ते कंपनीच्या गेटावर कामगार जमले की त्यांना फोडून काढायला. मार खाल्लेला माणूस चांगला मारतो, हा तुमचा हिशेब. तेव्हा तिथं वजन कसं सोडायचं ते कोण शिकवणार? सोडणं हाच तिथं गुन्हा होता.

कान्हू सुट्टीला गावी आला की ओटीवर सदरा काढून बसायचा. पाठीवर काळेनिळे पट्टे. त्याची आयस, जनी, खोबरेल गरम करून चोळायची.

"मेल्या, ह्ये शिकवतान का गुरासारका मारतान तुना?"

"आये, तुला नाय कलायचा त्यातला. मार खाल्ल्याशिवाय बॉडी व्हते का?" मग नाथाकडं वळून, "काय रं, तुजा मास्तर अजून लाटनाच उचलाय देतो का?"

"लाटना नाय, पोलपाट," नाथा म्हणायचा, आणि दोघं हसायचे. तोवर हसण्यावारी जात होतं.

होळीच्या आदल्या दिवशी कान्हूनं शिंप्याकडून टेप मागून आणली. मेळावा जवळ आला होता. "बगू तरी पेनच्या पैलवानाची छाती काय झालीय ती." जनीनं आधी आपल्या पोराच्या छातीभोवती टेप गुंडाळली, नखानं खूण धरली. मग नाथाच्या. नखाची खूण त्याच जागी आली.

"ढिली धरलीस," कान्हू म्हणाला.

जनीनं आवळून धरली. खूण तिथंच.

"सारकीच भरली गो बाय!" जनी शेजारणीला ओरडून सांगायला लागली. तिला काय, दोन्ही पोरं तिचीच. "दोगांची सारकी!"

कान्हूचा चेहरा बघण्यासारखा झाला. पाठीवरचा एकेक पट्टा जणू त्याच्याकडं बघून हसायला लागला. त्यानं टेप ओढून फेकली आणि नाथाच्या तोंडावर बुक्की हाणली. नाथा ओटीवरून खाली अंगणात पडला. उठला तो सरळ कान्हूच्या पोटात डोकं घालून. दोघं गडगडत कुंपणापलीकडच्या खाजणात गेले. चिखलात एकमेकांना बुडवलं, केस धरून आपटलं, दात लावले. कान्हूनं नाथाचा गळा धरला. नाथानं त्याच्या डोळ्यात चिखल भरला. बायका ओरडत होत्या, पुरुष बांधावर उभे राहून बघत होते. कुणीतरी ओरडलं, "जड वजन का हलका वजन, बोली लावा रे!"

मग कान्हूचे हात ढिले पडले. तो चिखलात बसला आणि रडायला लागला. एवढा दांडगा गडी, हमसून हमसून.

"तू रोह्याला येव नको, नाथा."

"का?"

"हैबतरावाला कललं का हलका उचलून तुजी माज्याएवडी झाली, तर सालटी काढंल माजी. तो बोलंल का तू काम चोरलास."

"मना पन नोकरी हवी हाय, कान्हू."

"ठावं हाय." त्यानं नाक पुसलं. "मंग माज्या लांब उभा ऱ्हा. वलक नको दावू."

नाथा गेला. चूक झाली म्हणता? घरात चूल पेटायची असेल तर माणूस भरतीला जातो, साहेब, त्याला चूक म्हणत नाहीत.

तुमचा मेळावा थाटाचा होता. मांडव, कमान, बँड, कंपन्यांचे अधिकारी पहिल्या रांगेत. तुम्ही माईकवरून सांगत होता, "आमची पोरं लोखंड खातात! बाकीच्यांकडं हलकी कामं चालतात, आमच्याकडं पहिल्या दिवसापासून जड! म्हणून आमचा गार्ड दहांना भारी!" टाळ्या पडल्या. मग हैबतराव टेप घेऊन उघड्या पोरांच्या रांगेवरून फिरायला लागला, आणि तुमचा कारकून आकडे माईकवरून वाचायला लागला.

कान्हूचा आकडा वाचला. टाळ्या. रांग सरकली. नाथाचा आकडा वाचला. तोच.

"हा आपल्याकडचा नाही," हैबतराव म्हणाला. "कुठं शिकला रे?"

"पेनला."

"किती वजन मारतोस छातीला?"

नाथानं खरं सांगितलं. खोटं सांगितलं असतं तर? तो प्रश्न नाथा अजून स्वतःला विचारतो, पण त्याला खोटं सुचलंच नाही. कारकुनानं माईक जवळ धरलेला, त्यामुळं वजन सगळ्या मैदानानं ऐकलं. कोणीतरी शिट्टी मारली. आणि पहिल्या रांगेत बसलेला एक कंपनीचा अधिकारी, काळा चष्मा लावलेला, तुमच्याकडं वळून हसत म्हणाला, "अहो साहेब, मग हलकंच पुरतं की."

तेवढंच तो म्हणाला. गंमत म्हणून म्हणाला असेल. तुमच्या हातातला ग्लास तसाच राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, ते नाथानं बघितलं, तो समोरच उभा होता.

"पुरतं?" तुम्ही कारकुनाकडून माईक घेत म्हणालात. "दाखवतो. हैबतराव, तो आपला त्याच मापाचा कोण? त्याला घ्या बाराखाली. हा पेणवाला जन्मात उचलणार नाही एवढं चढवा."

मांडवासमोर ताडपत्री अंथरलेली, तिच्यावर स्टँड, स्टँडवर बार. धूळ उडू नये म्हणून नुकतंच पाणी मारलेलं. कान्हू बाराखाली गेला. नाथाकडं त्यानं बघितलं नाही. पहिली बैठक मारली, उठला. टाळ्या. तुम्ही म्हणालात, "आणखी एक चकती." दोन्ही बाजूंना चकत्या गेल्या. दुसरी बैठक. उठताना मांड्या लटलटल्या, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या, पण उठला. बार स्टँडवर आपटून तो खाली वाकला, गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकायला लागला.

"आणखी एक चकती."

तेव्हा कान्हू बोलला. तुमच्याकडं बघून बोलला. माईक तुमच्या हातात होता, त्याच्या हातात नव्हता. नाथाला ऐकू आलं. "साहेब, नको. नाय व्हायचा माज्यानं."

तुम्ही माईकवर हसलात. "नवरीसारखा लाजतोय गडी!" मैदान हसलं. हैबतरावानं पाईप कान्हूच्या पोटरीवर हाणला. पहिला वार पडला तेव्हा कान्हू नुसता दचकला. दुसऱ्याला, तुमच्या पोरांनी चकत्या चढवल्यावर, तो पुन्हा बाराखाली शिरला.

बार खांद्यावर आला तेव्हा दोन्ही टोकांनी वाकला. मागं धरायला कोणी नाही. धरायला माणसं उभी केली तर शोभा जाते, असं तुम्हीच सांगितलं होतं. कान्हू दोन पावलं मागं आला, खाली बसायला लागला, आणि ओल्या ताडपत्रीवर त्याची टाच सरकली.

"मागं टाक!" नाथा बोंबलला. "कान्हू, मागं! मागं टाक!"

कान्हूनं आयुष्यभर जे केलं तेच केलं. पायाखाली बांध सरकला, एवढंच त्याच्या अंगाला कळलं. हनुवटी छातीला लावली आणि मान पुढं फेकली. बार खांद्यावरून मानेवर चढला. ओला बांबू पायाखाली मोडावा तसा आवाज आला. मग त्याचं तोंड ताडपत्रीवर आपटलं आणि बार डोक्यामागं आडवा, दोन्हीकडच्या चकत्यांवर उभा राहिला. कान्हूचे पाय थोडा वेळ ताडपत्री खरवडत होते. बँडवाल्यांना काही कळलं नव्हतं, ते वाजवतच होते.

नाथा रांग फोडून धावला. खाली पडलेली एक सुटी चकती त्यानं दोन्ही हातांनी उचलली आणि हैबतरावाच्या तोंडावर घातली. जबडा तुटला, दात सांडले. दुसऱ्यांदा उचलली ती तुमच्यासाठी होती, साहेब. मांडवाच्या पायरीपर्यंत पोचला होता तो. मग तुमची पोरं त्याच्यावर पडली. बुटांनी तुडवलं, पाईपांनी सोललं. मारणाऱ्यांत त्याच्याच गावचा गोविंदा होता. तोही हैबतरावाच्याच हाताखाली वाढलेला. मारताना तो रडत होता असं लोक सांगतात. रडला असेल. वार काही हलका झाला नाही.

हैबतरावाबद्दल नाथा कोठडीत बसून आला. हैबतरावाच्या पाईपाबद्दल कुणी कोठडीत गेलं नाही. तुमच्याबद्दल तर प्रश्नच निघाला नाही.

तो सुटून गावी आला तेव्हा जनी ओटीवर पाठ करून बसली होती. त्यानं "मावशे" म्हणून हाक मारली तर वळली नाही. मग शेजारणीनं सांगितलं. तुम्ही येऊन गेला होता. पांढरी गाडी, पांढरे कपडे, नारळ आणि साडी. तुम्ही जनीसमोर हात जोडून सांगितलंत, "माई, तुमच्या मुलानं ऐकलं नाही. आम्ही नको नको म्हणत होतो. त्यानं स्वतः चकती घातली. तरुण रक्त, काय करणार?"

आणि जनीनं ते खरं मानलं. मोठ्या माणसानं हात जोडून सांगितलेलं खोटं असतं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून ती पोराला शिव्या देत होती. मेलेल्या पोराला. शिंप्याची टेप तिनं चुलीत घातली. त्याचे कपडे खाडीत फेकले. दहाव्याला कावळा शिवेना तेव्हा ती पिंडाकडं बघून ओरडली, "जा मेल्या, तुजा आगाव जीव! कशाला आलास माज्या पोटी?" भटजीनं कानांवर हात ठेवले.

"मावशे, त्यानं नाय घातली चकती," नाथा म्हणाला. "तो नको बोलला. मी आयकला."

जनीनं आता मान वळवली. डोळे कोरडे.

"तू त्याचा भाऊस. तू तसाच बोलनार."

"मावशे, तुजी आन."

"मना आन नको. त्या साहेबानं माज्या दारात यून हात जोडलान. तो खोटा का तू खोटा? मना त्याच्या तोंडातनं आयकू दे. मंग मी माज्या पोराला शिव्या द्याची थांबन. तवर नाय."

नाथाच्या बरगड्या अजून नीट जुळल्या नव्हत्या. श्वास घेतला की कळ यायची. दिनानाथला सांगायला तो पेणला गेला तर दिनानाथनं सगळं ऐकून घेतलं, मग उठून भिंतीवरच्या आरशावर डाव्या हाताची मूठ मारली. काचा खाली पडल्या. रक्तानं माखलेली मूठ फडक्यात गुंडाळत तो म्हणाला, "जा. म्हातारीला घेऊन जा. मार खाशील, पण जा."

नाथा आणि जनी सकाळच्या गाडीनं रोह्याला उतरले. तुमच्या ऑफिसच्या गेटावर गार्ड होते, भरलेल्या छातीचे, नव्या वर्दीतले. गोविंदा त्यांच्यात होताच.

"नाथा, मागं जा," गोविंदा हळूच म्हणाला. "आमाला ऑर्डर हाय."

"मारायची ऑर्डर हाय ना? मार. माज्या मावशीला नुसता आत जाव दे."

"मावशे, तू तरी घरी जा गो. पाया पडतंय."

"तुज्या साहेबाला भायेर बोलव," जनी म्हणाली. "मी इतंच उभी हाय."

आतून शिट्टी वाजली आणि पाईप निघाले. नाथानं हात वर केले नाहीत. दिनानाथनं त्याला ओरडून ओरडून शिकवलं होतं, अंग आता होत नाही म्हणेपर्यंत थांबायचं नाही, तेच त्यानं केलं. पाठीवर पडला, उठला. गुडघ्यावर पडला, उठला. प्रत्येक वेळी उठून एकच वाक्य बोलत होता, "साहेबाला इचारायचंय." डोक्यातून रक्त वाहून एक डोळा बंद झाला. एक पाईप तुटून त्यातली वाळू रस्त्यावर सांडली. शेवटी पाय मोडला तेव्हा तो उठू शकला नाही. मग कोपरांवर सरपटत त्यानं गेटाचा गज धरला. गोविंदानं पाईप टाकून दिला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. तुमच्या पदरी असलेल्या माणसानं हातातलं खाली टाकलं, साहेब, नियम मोडला.

तेवढ्यात तुमची पांढरी गाडी गेटातून निघाली. नाथा रस्त्यात आडवा असल्यामुळं तिला थांबावं लागलं. मागच्या काचेआड तुम्ही होता. जनी पुढं आली. मिठागरात उभा जन्म गेलेली बाई ती, तिला हलवायला दोन गार्ड लागले असते, आणि तिला हात लावायचं एकाचंही धाडस झालं नाही. तिनं काचेवर तळहात ठेवला.

"साहेब," ती म्हणाली, "माजा पोर बाराखाली जायच्या आदी तुमाला काय बोलला? मना बाकी काय नको. साडी परत आनलीय. ही घ्या. तेवडा सांगा. तो नको बोलला का नाय?"

तुम्ही ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावलात. गाडी मागं गेली, दुसऱ्या गेटानं निघून गेली.

रस्ते संपतील, साहेब, गेटं संपतील. त्या बाईनं पोराला द्यायच्या शिव्या अजून संपलेल्या नाहीत, आणि त्या थांबवणं तुमच्या एका शब्दावर आहे. तुम्हाला फाशी द्या असं ती म्हणत नाही, नोकरी द्या म्हणत नाही. एवढ्या मोठ्या मैदानात तुमच्या आणि त्याच्या मध्ये चार पावलांचं अंतर होतं, माईक तुमच्याकडं होता आणि तो तुमच्या तोंडाकडं बघून बोलला.

ऐकू आलं होतं की नव्हतं? काच खाली करा आणि जनीला सांगा. हो की नाही?